परबांच्या घरातला मंद दिवा

रविवारी सकाळी अनंता परबाने भिंतीला भोक पाडायला घेतलं तेव्हा शेवंतीला वाटलं, अखेर देवाच्या फळीचा नंबर लागला. ती फळी तीन वर्षं पलंगाखाली पडून होती आणि देव तोवर पिठाच्या डब्यावर दिवस काढत होते. पण अनंताने पिशवीतून बाहेर काढलं ते एक पांढरं, गोल बटण. ते वर-खाली होत नव्हतं. रेडिओचं फिरवतात तसं ते फिरवायचं होतं.

"ह्या कसला बटण?" शेवंतीने विचारलं.

"डिमर म्हणतत ह्याका. फिरवलास की दिवो मोठो. उलटो फिरवलास की बारीक."

"बारीक कित्याक करूचो? दिसाक होया म्हणान तर दिवो लावतत."

या प्रश्नाचं उत्तर अनंतापाशी होतं, पण ते लग्नाला अठरा वर्षं झालेल्या बायकोला तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. त्याने तोंडात स्क्रू धरले आणि बोलता येत नाही अशी खूण केली.

अनंता सांताक्रूझला विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात वायरमन होता. तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात वाजता वेटरांचा कॅप्टन भिंतीवरचं एक बटण फिरवायचा आणि सगळा हॉल हळूहळू मंद व्हायचा. शिडीवर चढून उडालेले बल्ब बदलताना अनंताने वरून एक गोष्ट कित्येकदा पाहिली होती. दिवे भगभगीत असेपर्यंत नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे बघत बसलेली असायची. दिवे उतरले की दोघांचे आवाज उतरायचे. मग बाई पुढे वाकून काहीतरी सांगायला लागायची आणि सांगतच राहायची. सूप निवून जायचं तरी तिचं संपायचं नाही.

हे बघून अनंता शिडीवर तसाच थांबायचा. कारण शेवंतीही एके काळी अशीच बोलायची. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर ती गावाला होती आणि तो रजा काढून जायचा. घरात एकच कंदील, तोही सासूच्या उशाशी. उरलेल्या उजेडात शेवंती त्याला कुजबुजत्या आवाजात सगळं सांगायची. कोणाची म्हैस व्याली, विहिरीवर कोण कोणाला काय म्हणालं, पहाटे काय स्वप्न पडलं. मग बोरिवलीला सातेरी कृपा सोसायटीत तळमजल्याची खोली-किचन मिळाली, छताला ट्यूब लागली आणि त्या पांढऱ्याफेक प्रकाशात बायकोचं बोलणं आटलं ते आटलंच. आता ती म्हणायची, 'पाणी गेला', 'गॅसचा नंबर लावा', 'घासलेट इला काय बघा'. बाकी काही नाही. दोष ट्यूबचा आहे, याबद्दल अनंताच्या मनात शंका नव्हती. वायरमनला शेवटी सगळ्या दुखण्यांचं मूळ वायरिंगमध्येच दिसतं.

म्हणून हॉटेलने हॉलमधले जुने डिमर काढून नवे बसवले, तेव्हा त्याने स्टोअरकीपर काशीरामच्या मागे लागून भंगारातला एक मागून घेतला. साहेबाची सही आणली, गेटपास केला, वर काशीरामला दोन वेळा चहा पाजला. जुने का काढले, हे विचारायचं मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

वेळही त्याने हेरून ठेवली होती. परबांकडे टीव्ही नव्हता. रविवारी संध्याकाळी पिक्चर लागला की प्रेमा आणि अनुपमा या दोन्ही मुली दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी चुरी यांच्याकडे जायच्या त्या साडेआठशिवाय परतत नसत. सबंध आठवड्यात नवरा-बायकोच्या वाट्याला येणारे हे एवढेच तास. तळमजल्याच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत असल्यामुळे खोलीत चार वाजताच दिवा लागायचा, म्हणजे मंद करायला काळोखही घरचाच होता.

त्या रविवारी मुली गेल्या. अनंताने ट्यूब घालवली, नवा बल्ब लावला आणि बटण अर्ध्याच्याही खाली आणलं. खोली पिवळसर तांबूस झाली. पिठाच्या डब्यावरचे देवसुद्धा बरे दिसायला लागले. शेवंती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

"अवो, खडे कसे दिसतले?"

"ठेव गो ता सूप. जरा बस."

"बसलंयच आसंय."

"तशी नाय. अशीच बस."

शेवंतीने सूप बाजूला ठेवलं आणि नवऱ्याकडे संशयाने पाहिलं. तोही तिच्याकडे पाहत होता. मग तिचा आवाज खरोखरच उतरला.

"तुमका आठवता? आमच्या परड्यात ती..."

"परब! अहो परब!" जिन्यातून चुरींचा आवाज आला. "लवकर या. चित्र गेलं."

चंद्रप्रकाश चुरी बँकेत हेडक्लार्क होते आणि सोसायटीत सेक्रेटरी. दोन्ही पदांचा आवाज त्यांना एकच होता. "नुसत्या आडव्या रेघा येतायत हो. आणि आवाज असा, की पिठाची गिरणी चालू आहे. सगळ्यांचीच बोंब आहे. तुम्ही लाइटवाले, तुम्हीच बघा."

लाइटवाला माणूस बिल्डिंगमध्ये एकच असला की त्याला नाही म्हणता येत नाही. अनंता गच्चीवर गेला. तिथे सात घरांचे सात अँटेना उभे होते. एक गच्चीवर, एक दारात आणि मध्ये जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक अशी माणसं उभी राहिली, कारण अँटेना फिरवणं हे एकट्याचं काम नसतं. अनंताने पहिल्या पाइपाला हात घातला.

"आलं का?"

"आलं का?" जिन्याने खाली विचारलं.

"नाही," खालून वर निरोप आला.

अनंता पाइप फिरवत राहिला. तिकडे तळमजल्यावर शेवंतीने विचार केला, की हे काही इतक्यात येत नाहीत. तिने बटण पूर्ण फिरवून दिवा मोठा केला आणि सूप पुढ्यात ओढलं.

"आलं," जिना ओरडला. "परब, हलू नका. झकास आलं."

चुरींनी अनंताची पाठ थोपटली. अनंता धावत खाली आला, त्याने बटण पुन्हा खाली आणलं आणि विचारलं, "हां, काय सांगत होतंस? परड्यात काय?"

"परड्यात..." शेवंती म्हणाली. तेवढ्यात जिन्यात पुन्हा पावलं वाजली.

त्या संध्याकाळी तो चार वेळा गच्चीवर गेला आणि चार वेळा यशस्वी होऊन परतला. चौथ्या खेपेला शेवंतीला घरामागच्या परड्यातलं काय ते आठवतही नव्हतं.

पुढच्या रविवारी तेच झालं. दिवा मंद झाला, शेवंती म्हणाली, "मी लगीन होवच्या आधी एकदा एकटीच..." आणि वरून हाक आली. हे वाक्य अनंताला फार जड गेलं. लग्नाआधी एकटीच काय केलं, कुठे गेली, आणि हे आजवर का सांगितलं नाही? सोमवारी विचारलं तर ती ट्यूबखाली भाकरी थापत होती. "कधी म्हणालंय मी?" एवढंच तिने विचारलं. त्या आठवड्यात हॉटेलच्या जिन्यावर त्याने चाळीसच्या जागी शंभरचे बल्ब लावले आणि साहेबाची बोलणी खाल्ली.

तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "तुमका म्हणान सांगतंय, कोणाक सांगू नकात. मी दिवसभर..." आणि परत तेच. आता अनंतापाशी तीन सुरुवाती जमल्या होत्या आणि शेवट एकाचाही नव्हता. ड्युटीवर जाता-येता तो त्या आठवत राहायचा. इतक्या वर्षांनी बायको पुन्हा बोलायला लागली होती आणि नेमकी दर रविवारी गच्चीपायी त्याची वाट लागत होती.

सोसायटीतही एव्हाना वातावरण तापलं होतं. दर रविवारी पावणेसहाला पिक्चर सुरू व्हायचा आणि सहाला रेघा यायच्या. पहिल्या मजल्याचं म्हणणं होतं, की विमानांमुळे होतं. विमानं आठवडाभर उडतात हे कोणीतरी दाखवून दिल्यावर त्यांनी ती रविवारी जास्त खाली उडतात असं सांगितलं. तिसऱ्या मजल्याने अँटेनाला लिंबू-मिरची बांधली. एकदा सर्वानुमते साती अँटेना गोराईकडे वळवले, तर उरलंसुरलं चित्रही गेलं आणि मग दोन तास ते परत आणण्यात गेले. चुरींनी पाइपांना रंग लावून घेतला आणि दूरदर्शनला एक पत्र धाडलं.

पण चुरी हे बँकेतले गृहस्थ होते. कशाचा ताळा कशाशी बसतो हे बघायची त्यांना सवय होती. चौथ्या रविवारी पिक्चर संपताच त्यांनी सोसायटीची सभा बोलावली.

"एक गोष्ट तुमच्या कोणाच्या लक्षात आली का?" ते म्हणाले. "परब गच्चीवर गेले की चित्र येतं. परब खाली उतरले की पाच मिनिटांत जातं. दर वेळी. याचा अर्थ काय?"

अनंताने मान खाली घातली. त्याला स्वतःलाही याचा अर्थ माहीत नव्हता, पण तो चांगला नसावा असं त्याला वाटलं.

"याचा अर्थ, परबांच्या अंगात अर्थिंग आहे," चुरी म्हणाले. "आयुष्यभर विजेत काम केलेला माणूस. ते नुसते गच्चीवर असले तरी पुरतं."

सभेने टाळ्या वाजवल्या. ठराव झाला, की दर रविवारी पिक्चर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत श्री. परब यांनी गच्चीवर बसावं. त्यांच्यासाठी सोसायटीच्या ऑफिसातली हाताची खुर्ची वर नेण्यात आली. अनंताला शाल नाही तरी नारळ मिळाला. नारळ हातात घेऊन तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा प्रेतयात्रेहून आल्यासारखा होता.

"आता रविवारय गेलो," तो म्हणाला.

शेवंतीने नारळ कानाशी हलवून पाहिला. "पाणी बरा आसा," ती म्हणाली आणि तो देवांपुढे ठेवला.

सोमवारी हॉटेलात काशीरामने त्याला सहज विचारलं, "काय रे, चालतो का तो डिमर?"

"चालतो ना. का?"

"नाही, आवाज नाही ना करत? अरे, म्हणून तर काढले ते. दिवे उतरवले की त्या गाणाऱ्या बाईच्या माइकमध्ये घुं घुं यायचं. साहेबाच्या केबिनमधल्या टीव्हीत तर नुसत्या रेघा. फुल्ल ठेवला की काय नाय. मंद केला की घोटाळा."

अनंता शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. चार रविवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले. सबंध बिल्डिंगला ठाऊक नसलं तरी परबांनी दिवा केव्हा मंद केला, याची वर्दी चार रविवार प्रत्येक घरात चित्रासकट पोचत होती. त्याचे कान तापले. मग शरमेच्या पाठोपाठ दुसरा विचार आला आणि तो जास्त लागला. आता तो दिवा मंद करता येणार नाही. आणि न करूनही उपयोग नाही, कारण रविवारी तो घरात नसणारच.

खरं सांगून मोकळं व्हावं, म्हणून तो संध्याकाळी चुरींकडे निघाला. जिन्यात प्रेमा भेटली.

"बाबा, तुमी चित्र आणतात म्हणान आता आमका पुढे बसवतत," ती म्हणाली. "आधी चपलांच्या बाजूक बसायचो ना, आता खुर्ची देतात. अनुपमाला पण. काल चुरीकाकींनी शेवपुरी दिली."

अनंता दोन पायऱ्या चढला होता, तो तिथूनच परत फिरला.

पुढच्या रविवारी पावणेसहाला तो गच्चीवर जाऊन खुर्चीत बसला. चित्र अर्थातच उत्तम होतं. खालून सात घरांतून एकच गाणं एकाच वेळी ऐकू येत होतं. पश्चिमेला खाडीच्या अंगाला आभाळ लाल झालं, मग राखाडी झालं. अनंताला उठता येत नव्हतं. मध्ये एकदा तो पाय मोकळे करायला कठड्याशी गेला तर चुरी धापा टाकत वर आले. "परब, बसा. पिक्चर रंगात आलाय."

तो बसला. खाली शेवंती काय करत असेल, याचा तो विचार करत होता. सूप घेऊन बसली असेल, दिवा पूर्ण मोठा करून. तिला काही सांगावंसं वाटलं तरी कोणाला सांगणार? त्याला तिची इतकी आठवण आली, की ती चार मजले खाली आहे हे त्याला खरं वाटेना. गावी बायको आणि मुंबईत आपण, असे दिवस त्याने काढले होते. तेव्हाही एवढं झालं नव्हतं.

सात वाजून गेल्यावर जिन्याचं दार वाजलं. शेवंती वर आली. एका हातात चहाचा पेला, त्याच्यावर बशी, दुसऱ्या हातात खोबऱ्याच्या वड्या. नारळ कामी आला होता.

"धरा," ती म्हणाली आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली.

अनंताने चहा घेतला. एक घोट घेऊन त्याने पेला खाली ठेवला. "शेवंती, माका तुका एक सांगूचा आसा. ह्या अर्थिंगबिर्थिंग काय नाय. तो दिवो बारीक केलो की..."

"माका ठाऊक आसा."

"काय ठाऊक आसा?"

"तुमी वर गेलात की मी बटण फिरवतंय, खड्यांसाठी. फिरवला की जिन्यात वरडतत, 'आला, आला'. दोनदा तसा झाला. तिसऱ्या खेपेक मी मुद्दाम पुढे-मागे करून बघलंय. मी बारीक केलंय की चुरी वरडतत. मोठो केलंय की टाळ्ये."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"सांगतलंय होतंय. तितक्यात तुमका नारळ दिल्यानी."

अनंता हसायला लागला. खुर्ची करकरली, तसा तो दचकून पुन्हा नीट बसला आणि शेवंतीला हसू आलं. गच्चीवर आता एकमेकांचे चेहरे जेमतेम दिसत होते.

"त्या दिवशी तुमी माझ्याकडे असे बघी होतात," ती म्हणाली, "माका वाटला तुमचा पोटबीट दुखता."

"तू बोलूचा म्हणान केलंय गो ह्या सगळा. गावाक कशी बोलायचंस. हडे येवन गप्पच झालंस."

शेवंती पदराने बशी पुसत राहिली.

"गप्प खय?" ती म्हणाली. "तुमका सांगीत होतंय ना, कोणाक सांगू नकात म्हणान? तुमी ड्युटीर गेलात की मी दिवसभर तुमच्यावांगडा बोलतंय. भांडी घासताना, कपडे धुताना. सगळा सांगतंय, पाणी कोणी सोडला, पोरी काय म्हणाल्यो, रातीक काय सपान पडला. तुमी 'हूं' म्हणतात तासुद्धा मीच म्हणतंय. तुमी घराक येतात तेव्हा माझा सगळा सांगून झालेला आसता. परत त्याच काय सांगूचा? मगे गॅसचा तेवढा उरता."

अनंताने वडीचा तुकडा तोंडात टाकला होता. त्याने तो चहाबरोबर गिळला. अठरा वर्षं बायको त्याच्याशी अखंड बोलत होती आणि तो तेव्हा शिडीवर चढून दुसऱ्यांच्या बायका काय बोलतात ते बघत होता.

"मी काय म्हणायचंय तेव्हा?" त्याने विचारलं. "नुसता हूं?"

"नुसता हूं. कधी कधी 'बरा' म्हणतात."

"आणि लग्नाआधी एकटीच खय गेल्लंस?"

"तुमच्या गावच्या जत्रेक. घरात कोणाक सांगूक नव्हता. आमच्याकडे तुमचा नाव निघाला होता ना, म्हटला बघून येवया. तर तुमी पेट्रोमॅक्सकडे बसलेलात. सगळी माणसा काळोखात, खेळ थांबलेलो आणि तुमी पंप मारतात, मारतात, तो काय पेटना. बोट भाजून घेतलात. लोक शिव्ये घालतत आणि तुमी कोणाकडे बघूक नाय. मगे तो पेटलो." ती थांबली. "तेव्हा माझा ठरला."

अनंताने आपली बोटं पाहिली. काळोखात ती दिसली नाहीत. तो खुर्चीवरून उठला आणि टाकीच्या कट्ट्यावर तिच्या शेजारी जाऊन बसला. सात घरांतलं चित्र मुळीच हललं नाही.

मग शेवंती परड्यातल्या सुरंगीच्या झाडापर्यंत आली. आईने ते तोडायला काढलं होतं आणि शेवंती त्याला मिठी मारून बसली होती. त्या झाडाला या वर्षी कसा बहर आला, हे गावाहून आलेल्या कोणीतरी तिला सांगितलं होतं आणि तेव्हापासून तिच्या नाकातला तो वास जात नव्हता. हे तिने चार दिवस भांडी घासताना सांगितलं होतं, आता परत सांगत होती आणि अनंता योग्य जागी हूं म्हणत होता. तिच्या मते तो थोडा उशिरा म्हणत होता, पण चालण्यासारखं होतं.

साडेआठला खालची गाणी थांबली. खुर्च्या सरकल्या, दारं उघडली, मुलींचे आवाज जिन्यात आले. चुरी गच्चीच्या दाराशी येऊन उभे राहिले. काळोखात त्यांना आधी रिकामी खुर्ची दिसली.

"परब? कुठे गेलात? संपला पिक्चर. आता उतरा खाली, मोकळे झालात."

अनंता सवयीने उठायला लागला. शेवंतीने त्याचा शर्ट मागून धरला.

"भावोजी," ती चुरींना म्हणाली, "नऊच्या बातम्या राहिल्या ना. त्यांना नको का चित्र?"

चुरींनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे, वहिनी," ते म्हणाले. "बसा, बसा. पोरींना आम्ही जेवायला वाढतो." आणि गच्चीचं दार हलकेच ओढून घेऊन ते खाली गेले.